फ्लॅटचं या वर्षी नको

ब्यूना व्हिस्टा, कोलोराडो
२४ जून

चि. बंटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घराजवळचा तो एका बेडरूमचा काँडो तू आमच्यासाठी बघून ठेवला आहेस, हे बाबांनी सांगितलं. फोटोही पाहिले. ओटा ऐसपैस आहे, खिडकी पूर्वेला आहे, लिफ्ट आहे. तरी उत्तर आधीच लिहून टाकते, उगाच तुझा जीव टांगणीला नको: या वर्षी नको. डिपॉझिट भरू नकोस. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण इथे दरीत सिग्नलची एक दांडी येते नि जाते, आणि फोनवर वाद घालताना तू आम्हाला बोलूच देत नाहीस. पत्रात मला मधेच तोडता येणार नाही.

"साठी उलटल्यावर तुम्ही दोघं फुकट राबताय," असं तू म्हणालास. फुकट हे खरं. आम्ही इथल्या नदीकाठच्या कॅम्पग्राउंडचे होस्ट, म्हणजे जागेची देखभाल करणारे स्वयंसेवक. ट्रेलर, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, उभा करायला जागा मिळते, भाडं पडत नाही, बाकी हातावर एक पैसा ठेवत नाहीत. आठवड्यातले काही दिवस कामाचे आणि उरलेले आमचे. राबण्याचं म्हणशील तर काम काय, ते तू कधी नीट विचारलंच नाहीस, म्हणून सांगते.

सकाळी सातला मी बादली, ब्रश आणि कागदाची रिळं घेऊन निघते. इथले संडास पाण्याचे नाहीत. खाली मोठा हौद, वर काँक्रीटची खोली, आणि छपराबाहेर गेलेला एक उंच जाड पाइप. त्या पाइपातून हौदातली हवा वर ओढली जाते. दार लावलेलं असलं तर खोलीत वास जवळजवळ येत नाही. लोक हवा खेळती राहावी म्हणून दाराला दगड लावून ते उघडं ठेवतात आणि नेमकं उलटं होतं. तो दगड काढणं हे माझं पहिलं काम. हौदात काय काय टाकतात ते विचारू नकोस. बिअरचे कॅन, बाळांचे लंगोट, एकदा तर अख्खी चप्पल. पुढे उपसायला ट्रक येतो तेव्हा हे सगळं त्याच्या नळीत अडकतं.

मामाला हे कळल्यावर त्याने चिपळूणहून व्हॉट्सॲपवर लांबलचक निरोप धाडला. अमेरिकेत तीस वर्षं काढून शेवटी हेच करायचं होतं का, वगैरे. मी त्याला उलट एवढंच विचारलं, की पंचायत समितीत असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावोगाव भाषणं कोणी ठोकली? गाडगेबाबांचा फोटो अजून त्याच्या दिवाणखान्यात आहे, खराटा हातात घेतलेला. त्यावर त्याने अंगठा पाठवला आणि विषय आंब्यांकडे नेला. माझा त्याच्यावर राग नाही. आपल्याकडे झाडू दुसऱ्याच्या हातात असतो तोवरच त्याचं कौतुक असतं, हे मला तिथे वाढल्यामुळे पक्कं ठाऊक आहे.

संडासांनंतर शेकोटीच्या जागा. लोखंडी कड्यातली राख थंड दिसते आणि आत निखारा असतो. पाणी ओतायचं, फावड्याने ढवळायचं, मग हाताच्या पाठीने चाचपायचं. ऊब लागली तर पुन्हा पाणी. डोंगर इतका वाळलेला असतो, की हे काम मी कोणावर सोडत नाही, बाबांवरसुद्धा. दुसऱ्या टप्प्याची आगबंदी लागली की शेकोट्या पूर्णच बंद होतात, आणि मग भाजायला मार्शमेलो घेऊन आलेल्या पोरांची तोंडं बघवत नाहीत.

बाबांचं खातं नदीचं. कोणी त्यांना नेमलेलं नाही, त्यांनीच घेतलंय. नदीवर येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो: "आज सीएफएस किती?" म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय. नेथ्रॉप गावाजवळ मापक आहे, त्याचा आकडा बाबा रोज सकाळी सिग्नल शोधत टेकाडावर जाऊन बघून येतात आणि फळ्यावर खडूने लिहितात. तुझे बाबा निवृत्तीनंतर शेअरचे आकडे बघत सोफ्यावर बसून असायचे आणि दुपारपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत, ते तू पाहिलंयस. आता आकड्यासाठी टेकाड चढतात आणि खाली येऊन वीस अनोळखी लोकांशी बोलतात.

या आर्कान्सॉ नदीचा उगम वर लेडव्हिलजवळ आहे. तिथपासून प्वेब्लोच्या धरणापर्यंत १५२ मैलांचा पट्टा 'आर्कान्सॉ हेडवॉटर्स रिक्रिएशन एरिया' म्हणून सांभाळतात. राज्याचं उद्यान खातं आणि केंद्राची जमीन व जंगल खाती मिळून. आमच्या समोरून जी दरी सुरू होते ती ब्राऊन्स कॅन्यन, २०१५ साली ओबामांनी तिला राष्ट्रीय स्मारक केलं. जूनमध्ये बर्फ वितळून नदी दोन्ही काठांनी भरून वाहते. जुलैत ती ओसरते, आणि नेमकी तेव्हाच राफ्टवाल्यांची, म्हणजे रबरी होड्यांतून नदी उतरणाऱ्यांची, गर्दी असते. मग वरच्या धरणांतून पाणी सोडून १ जुलै ते १५ ऑगस्ट नदी ७०० सीएफएसच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतात. लिटरमध्ये सांगायचं तर सेकंदाला सुमारे वीस हजार. शेतीला आणि शहरांना ते पाणी खाली जायचंच असतं. कधी सोडायचं, एवढंच पाणीवाले, मासेमारीवाले आणि राफ्टवाले बसून ठरवतात. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. भांडणारी इतकी माणसं एका आकड्यावर दरवर्षी एकत्र येतात, याचं मला नदीपेक्षाही नवल वाटतं.

आणि त्यातलं बरंचसं पाणी या नदीचं नाहीच. डोंगराच्या पश्चिमेला पडलेल्या बर्फाचं पाणी पाच मैलांहून लांब बोगद्यातून पूर्वेला आणलं आहे. एरवी ते पॅसिफिककडे गेलं असतं. बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी हसले, कारण माझं लहानपण अशाच पाण्यावर गेलंय. कोयना पूर्वेला कृष्णेकडे जाणारी, तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला आणलं, वीज काढून वाशिष्ठीत सोडलं. म्हणून आमच्या चिपळुणात भर वैशाखातही नदीला पाणी. कोयनेचं पहिलं जनित्र सुरू झालं १९६२ साली, आणि इकडच्या बोगद्याच्या प्रकल्पावर केनेडींनी सही केली तीही १९६२ सालीच.

वाशिष्ठीचा दुसरा अवतारही मला माहीत आहे. २०२१ च्या जुलैत मामाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं होतं, तेव्हा तू रात्रभर फोन लावत बसला होतास. त्यामुळे लाइफ जॅकेटच्या बाबतीत मी खाष्ट आहे, आणि इथे त्याचा उपयोग होतो.

गेल्या शनिवारी डेन्व्हरहून एक तेलुगू कुटुंब आलं. दोन पोरं दुकानातल्या फुगवायच्या रबरी चकत्या घेऊन थेट पाण्याकडे. अंगावर जॅकेट नाही. रेंजरने येऊन सांगितलं, वडिलांनी "येस येस" केलं, रेंजर वळल्यावर पोरं परत काठाशी. नदीही दिसायला कशी, तर पलीकडे दगड फेकला तर सहज पोचेल एवढी. मी वडिलांच्या वाटेला गेलेच नाही. घडीच्या खुर्चीत आजी बसल्या होत्या, साडीवर जाड जाकीट, पायात मोजे आणि चप्पल. त्यांच्याजवळ जाऊन मोडक्या हिंदीत गाव विचारलं. राजमहेंद्री. म्हटलं, म्हणजे गोदावरी! ती आमच्याकडे त्र्यंबकला उगम पावते. आजींनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्यांच्या गावी गोदावरीचं पात्र इतकं रुंद, की पलीकडचा काठ धूसर दिसतो. ही त्यांना ओढाच वाटत होती. मी त्यांना काठाशी नेलं आणि म्हटलं, बोटं बुडवा. त्यांनी बुडवली आणि चटका बसल्यागत मागे घेतली. हे पाणी दहा अंशांच्या आसपास असतं, त्यात पडलेल्या माणसाचा आधी श्वासच अडकतो, हातपाय मारणं पुढची गोष्ट. आजींनी वळून तेलुगूत जे काही म्हटलं त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण दोन्ही पोरं आणि त्यांचे वडील तिघेही पाण्यापासून लांब येऊन उभे राहिले. मग आमच्या ट्रेलरमधली जादा जॅकेटं दिली आणि पोरांना कडेच्या संथ डबक्यात खेळायला लावलं.

या कामात इंग्रजी पाट्यांपेक्षा एखादी मावशी जास्त उपयोगी पडते. आपली माणसं आता या नद्यांवर बरीच येतात. उन्हाळ्यातल्या रविवारी पुलावाचा वास, थर्मासातला चहा, क्रिकेटची बॅट सगळं दिसतं. मात्र कामाला ठेवलेल्यांत आणि स्वयंसेवकांत आमच्याखेरीज आपलं कोणी दिसत नाही. आपल्या माणसांना पाट्या वाचता येत नाहीत असं नाही, पण पाटी ओरडत नाही.

आता ट्रेलरचं. जागा कमी आहे, हे मी नाकारत नाही. एकजण स्वयंपाक करत असेल तर दुसऱ्याने पलंगावर बसायचं किंवा बाहेर जायचं. वारा सुटला की अख्खं घर हलतं. पिण्याचं पाणी कॅम्पग्राउंडवर नाही, गावातून टाक्या भरून आणावं लागतं, त्यामुळे भांडी घासताना मी नळाकडे किती बघते ते तू पाहशील तर हसशील. काळी टाकी, म्हणजे आपल्या संडासाची, रिकामी करायला गावातल्या डम्प स्टेशनवर जायचं. ते बाबा करतात, हातमोजे घालून, इस्त्री केलेल्या शर्टात. तो शर्ट का, हे मला अजून समजलेलं नाही.

साडेसात हजार फुटांवर पाणी ब्याण्णव अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ दुपारपर्यंत टणकच राहते. कुकर नसता तर आमचं वरण-भात संपलंच होतं. तरीही नेहमीच्या दुप्पट शिट्ट्या लागतात. इडलीचं पीठ फुगायला फ्रिजच्या मागच्या कपाटात ठेवते, तिथे थोडी ऊब असते.

तब्येतीचं तू विचारलंस. सलायडाचं हॉस्पिटल अर्ध्या तासावर आहे. आम्ही ओरिजिनल मेडिकेअर, म्हणजे थेट सरकारी आरोग्यविमा घेतला, खाजगी कंपनीचा ॲडव्हान्टेज प्लॅन घेतला नाही, तो याचसाठी: मेडिकेअर घेणारा डॉक्टर कुठल्याही राज्यात चालतो. माझे गुडघे दुखतात. ते न्यू जर्सीतही दुखत होते. बाबांना चढावर धाप लागली तर मी त्यांना खाली बसवते, आणि ज्या दिवशी ते बसायचं नाकारतील त्या दिवशी आपण काँडोचं बोलू. गाडी चालवणं जड जाईल तेव्हाही बोलू. तोवर नाही. सप्टेंबरअखेर इथे रात्री गोठायला लागतं, मग ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटकडे उतरू, आणि दिवाळीला विमानाने तुझ्याकडे. चकल्या मी येऊन करीन, विकतच्या आणू नका.

तुम्ही जुलैच्या मध्यानंतर या. जूनचं पाणी छकुलीसाठी नाही. ती आठ वर्षांची आहे, आणि इथल्या कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांनी बोटीत जॅकेट घालायलाच हवं; माझ्या कायद्याने तुम्ही दोघांनीही. तिला ब्राऊन्स कॅन्यनमध्ये नको, सलायडाच्या खाली बिगहॉर्न शीप कॅन्यन सौम्य आहे, तिथे नेऊ. पाण्यात पडलंच कोणी तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडांत अडकतो आणि प्रवाह माणसाला दाबून धरतो. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं वर. हे तिला घरी गादीवरच शिकवून आण. सगळं फिरणं सकाळी उरकायचं, कारण जुलैत दुपारी ढग येतात, विजा कडाडतात. त्याला इथले लोकही 'मॉन्सून'च म्हणतात; पाच मिनिटं पडतो आणि छाती फुगवून निघून जातो.

जागेचं आरक्षण आत्ताच कर. होस्टचा मुलगा म्हणून तुला जागा मिळणार नाही, मीच देणार नाही. पहिला दिवस काही ठरवू नका, उंचीमुळे डोकं दुखतं. भरपूर पाणी प्या आणि झोपा. सरपण तिकडून आणू नका, लाकडातून कीड येते, इथे गावात मिळतं. पिण्याचं पाणी मात्र येताना गावातून मोठ्या कॅनमध्ये भरून आणा. सूनबाईला सांग, रात्रीसाठी लोकरीचं काहीतरी हवं, जुलै असला तरी. आणि छकुलीला सांग की समोरच्या रुबी माउंटनवर माणिक नाहीत, गार्नेट आहेत, लाल आणि मोहरीएवढे. ते बघायला आजोबांकडे भिंग आहे.

सर्वांना आशीर्वाद.

तुझी आई

ता. क. पाच लिटरच्या कुकरची रिंग सैल झाली आहे आणि इथे कुठल्याही दुकानात मिळत नाही. दोन आण. गोडा मसाला अर्धा किलो, आणि बाबांसाठी नवे रबरी हातमोजे, मोठ्या मापाचे.