काळी काठी घेतली म्हणून गेम सुधरत नाय

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या सोलापुरात पूल (टेबलावर काठीनं बॉल मारायचा खेळ) खेळणाऱ्या पोरांत सध्या कार्बन शाफ्टचं, म्हणजे कार्बन फायबरच्या पुढच्या भागाच्या क्यूचं (काठीचं), लईच खूळ आलंय. ज्याला त्याला काळी काठी पायजे, वडलांच्या मागं लागून हजारो रुपये घालवतात आणि विकणारा पण सांगतो की बघ आता तुझा एक पॉट (बॉल पॉकेटात घालणं) चुकणार नाय. म्हणून म्हटलं जरा खुलासा करावा.

साईड, म्हणजे बॉलला फिरकी देणारा शॉट, मारताना टिप (काठीच्या टोकावरची चामड्याची टोपी) बॉलच्या मधोमध लागत नाही, बाजूला लागते. त्यानं व्हाइट (ज्याला आपण काठी मारतो तो पांढरा बॉल) फिरतो खरा पण आपण धरलेल्या लाईनीतून उलट्या बाजूला थोडा सरकतो पण, म्हणजे उजवी साईड मारली की डावीकडं, आणि लांबच्या शॉटला हा सरकलेला फरक एवढा होतो की सोपा पॉट पॉकेटच्या तोंडावर आपटून परत येतो. आता किती सरकणार हे ठरतं शाफ्टच्या टोकाकडच्या सहा-आठ इंचांत वजन किती आहे त्यावर, टोक हलकं तर सरकणं कमी. कारण टिप बॉलला टेकलेली असते जेमतेम एक मिलीसेकंद, तेवढ्यात मागच्या लाकडाला काय झालं याचा पत्ता पण लागत नाही. त्यामुळं बटावर (काठीच्या मागच्या जाड भागावर) कितीही नक्षी असू दे, चामडं गुंडाळलेलं असू दे, इथं त्याचा काडीचा संबंध नाही.

टोक हलकं करायला कार्बनच लागतं असंही नाही. क्यू बनवणाऱ्या प्रिडेटर कंपनीनं 1990 च्या दशकातच मेपल लाकडाच्या दहा पट्ट्या संत्र्याच्या फोडींसारख्या गोल चिकटवून, पुढून पोकळ ठेवून, फेरूल (टिपेच्या खालची छोटी नळी) हलकं करून शाफ्ट बनवला होता. आत्ताचे हे कार्बन शाफ्ट त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले.

राहिला फीलचा विषय. मेपलचा आवाज भरीव येतो, कार्बनचा जरा पोकळ टक्क असा, म्हणून बऱ्याच कंपन्या आत फोम भरतात. पण हाताला जो झटका कळतो तो बॉल निघून गेल्यावर, म्हणजे त्यानं तो शॉट काय बदलत नाही. हां, पुढच्या शॉटला जोर किती लावायचा हे मात्र आपण त्याच आवाजावरून आणि झटक्यावरून शिकतो, त्यामुळं फील म्हणजे सगळं थोतांड असं कोणी म्हणालं तर ते पण मला पटत नाही.

कार्बनचा खरा फायदा मला विचाराल तर वेगळाच आहे. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे, त्यात पोरं क्यू गाडीत टाकून निवांत चहाला जातात, आणि पुढं पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. असल्या हवेत साधा शाफ्ट वाकला तर नवल नाही. कार्बन वाकत नाही, त्याला ओल लागत नाही. एवढ्यासाठी कोणी घेत असेल तर खुशाल घ्यावा.

पण टिप शेवटी चामड्याचीच असते ना, आणि बॉलला लागते ती फक्त टिप. इथल्या क्लबात उभ्या असलेल्या क्यू बघा एकदा, टिपा चेपून फेरूलच्या बाहेर आलेल्या, वरून काचेसारख्या गुळगुळीत, त्यावर चॉक (टिप घसरू नये म्हणून लावायची खडू) धरणार कसा? मिसक्यू झाला, म्हणजे टिप बॉलवरून घसरली, की पोरगं म्हणतं क्यू भंगार आहे. टिप बदलायला, गोल घासायला फार खर्च नाही, टेबलाच्या कापडावर एवढा पैसा घालवणाऱ्या मालकांनी हे पण बघावं.

अजून एक, दुकानात हे कोणी सांगत नाही. जुन्या क्यूवर डोळा बसलेला असतो, उजवी साईड मारताना माणूस आपोआप थोडं उजवीकडं धरून मारतो. नवीन हलक्या शाफ्टवर व्हाइट तेवढा डावीकडं सरकतच नाही, मग येणारे पॉट पण चुकायला लागतात, डोळा परत बसेपर्यंत काही दिवस असंच चालतं आणि पोरं वैतागून शाफ्ट अर्ध्या किमतीत विकून टाकतात. तेव्हा विकणाऱ्यांनी पैसे घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला निदान अर्धा तास टेबलावर साईडचे लांब शॉट मारून बघू द्यावेत, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर