भाड्याच्या घरांचा अर्ज कुठे करायचा?

शहरातील वाढत्या घरभाड्यांविषयीचे आपल्या दैनिकातील वृत्त वाचले. त्यात एक मुद्दा राहून गेला. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये चार घटक आहेत आणि त्यांपैकी एक परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा आहे. सोलापुरात मात्र घरकुल म्हटले की मालकीचेच घर डोळ्यांपुढे येते. सोलापूरजवळच्या कुंभारीतील रे नगर या कामगार वसाहतीत १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले, याचा अभिमान आहेच. पण हजार विड्या वळल्यावर मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवणाऱ्या किंवा यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्या कुटुंबाला घराच्या किमतीतील स्वहिश्श्याची रक्कम भरणे जमत नाही. त्यांना भाड्याचेच घर हवे असते.

भाड्याच्या घरासाठी अर्ज कुठे करायचा, हे विचारायला मी शेजारच्या बाईंसोबत सरकारी कार्यालयात गेलो होतो. तीन टेबले फिरलो, उत्तर मिळाले नाही. त्यांचा दिवसाचा रोज मात्र बुडाला. शिवाय घरमालक भाडेकरार करून देत नाहीत, आणि पत्त्याचा पुरावा नसला की उत्पन्नाच्या दाखल्यापासूनच अडते.

वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत, देशात कुठेही स्वतःचे पक्के घर नाही, अशा मूळ अटी आणि लागणारी कागदपत्रे महापालिकेने प्रत्येक झोन कार्यालयात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही लावावीत. शहरात अशी भाड्याची घरे किती आणि कुठे आहेत, हेही त्याच फलकावर लिहावे. एकही नसेल, तर तसेही स्पष्ट लिहावे.

– एक वाचक, नीलमनगर, सोलापूर