प्लूटोवरून आठवड्याचं भविष्य?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य आमच्या घरात सगळेच वाचतात, आई तर आधी तेच पान काढून घेते, त्यामुळे ज्योतिष खरं की खोटं हा वाद मला इथे घालायचाच नाहीये. तक्रार एवढीच की हल्ली त्यात हर्षल (म्हणजे युरेनस), नेपच्यून, प्लूटो फारच यायला लागलेत. "प्लूटो कुंभेत आल्याने नोकरीत उलथापालथ" असं वर छापलेलं असतं आणि त्याच पानावर खाली साडेसाती मात्र शनि मीनेत धरून, कुंभ-मीन-मेषवाल्यांना. अहो, मग प्लूटोसाठी पण पंचांग उघडा ना, आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून राशी मोजायच्या हिशोबात तो अजून मकरेतच आहे! कुंभेत आहे तो पाश्चात्त्यांच्या सायन, म्हणजे ऋतूंना धरून मोजायच्या पद्धतीने, दोन्हीत साधारण 24 अंशांचा फरक पडतो. कुठल्यातरी इंग्रजी साइटवरून अर्धं उचलायचं आणि अर्धं पंचांगातलं, अशी ही खिचडी वाटते.

बरं, प्लूटोवरून आठवड्याचं भविष्य सांगायचं तरी कसं? सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला 248 वर्षं लागतात, कक्षा चांगलीच लंबगोल, त्यामुळे एका राशीत कधी 12-13 वर्षं तर कधी 30 वर्षं ठिय्या देऊन बसतो. नेपच्यून एका राशीत जवळपास 14 वर्षं, हर्षल 7. म्हणजे आमच्या सोसायटीच्या गेटवर सकाळी स्कूलबसची वाट बघत उभी असलेली जवळजवळ सगळी पोरं घ्या, प्लूटो तर सोडाच, नेपच्यूनसुद्धा बहुतेकांच्या पत्रिकेत एक-दोन राशींतच सापडेल, मग कुणाला परीक्षेत यश आणि कुणाला पोटाचे विकार हे त्याच्यावरून कसं काढणार? आणि ते "प्लूटो वक्री, जपून राहा"! तो दरवर्षी पाच-एक महिने वक्री, म्हणजे उलटा सरकताना दिसतोच, आपली पृथ्वी आतल्या ट्रॅकवरून त्याला ओव्हरटेक करते म्हणून, त्यात घाबरायचं काय.

परंपरा म्हणावी तर तीही नाही. पत्रिकेत आयुष्याचे कालखंड पाडणाऱ्या विंशोत्तरी दशेची 120 वर्षं नऊ ग्रहांत वाटलेली आहेत, शुक्राला 20, शनीला 19, राहूला 18 वगैरे, हर्षल-नेपच्यून-प्लूटोच्या वाट्याला एकही वर्ष नाही. येणार कुठून, हर्षल सापडला 1781 मध्ये, नेपच्यून 1846 आणि प्लूटो तर 1930 मध्ये. जुने जाणकार ज्योतिषी यांना फार धरत नाहीत ते उगाच नाही. आणि नवीन ग्रह घ्यायचेच असतील तर 2005 मध्ये सापडलेल्या एरिस या दूरच्या गोलाने काय घोडं मारलंय? आकाराने प्लूटोपेक्षा किंचित लहान पण वस्तुमान त्याच्याहून जास्त, तिच्यामुळेच तर ग्रह कशाला म्हणायचं हा वाद पेटला आणि 2006 साली प्राग इथे प्लूटोला बटुग्रहांत टाकलं. तिला मात्र अजून कुंडलीत घर नाही.

खरं तर या ग्रहांबद्दल छापण्यासारखं कितीतरी आहे. 10 मार्च 1977 ला हर्षल एका ताऱ्यासमोरून जाणार होता, तो तारा झाकला जायच्या आधीच काही क्षण मंद झाला, पुन्हा उजळला, पुन्हा मंद झाला, आणि ग्रह पुढे सरकल्यावर दुसऱ्या बाजूलाही तसंच, त्यावरून हर्षललाही कडी आहेत हे कळलं. अमेरिकन शास्त्रज्ञ विमानातल्या दुर्बिणीतून बघत होते, पण तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतही त्याच रात्री ताऱ्याचा प्रकाश घटलेला नोंदवला गेला, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? आणि हर्षल बघायला वेधशाळाच लागते असंही नाही. सध्या तो कृत्तिकांच्या तारकापुंजाच्या बऱ्यापैकी जवळ आहे, वांगणीसारख्या अंधाऱ्या ठिकाणी थंडीत साध्या दहा बाय पन्नासच्या बायनॉक्युलरमधून दिसतो. दिसतो म्हणजे एक बारीक ठिपकाच, शेजारच्या ताऱ्यांपेक्षा किंचित हिरवट-निळसर, नकाशा हातात नसेल तर त्याच्यावरून नजर सरळ पुढे निघून जाते. नेपच्यूनला नुसत्या डोळ्यांचं काम नाही, आणि प्लूटोसाठी चांगली मोठी दुर्बीण हवी.

तेव्हा विनंती अशी की राशिभविष्य ठेवा, आमच्या आईचा पेपर बंद होईल नाहीतर, पण ग्रहांच्या राशी देताना सायन की निरयन ते एकदा ठरवा, आणि त्या पानावर चार ओळींची जागा काढून या आठवड्यात कुठला ग्रह किती वाजता कुठल्या दिशेला दिसेल तेवढं देत चला.

आपला,
एक नियमित वाचक, बदलापूर