चिठ्ठीवर एक शब्द वाढवा

संपादक महोदय,

ब्रुसेलोसिस या जनावरांकडून माणसांत येणाऱ्या तापाच्या आजाराची चर्चा निघाली की ती गोठा आणि कच्च्या दुधापाशीच थांबते. प्रयोगशाळेत जडणाऱ्या जिवाणूजन्य आजारांत त्याचा नंबर फार वरचा आहे, याची मात्र फारशी वाच्यता होत नाही.

त्याचा जिवाणू, ब्रुसेला, वाढतो सावकाश. कल्चरच्या प्लेटवर (नमुन्यातले जिवाणू वाढवायच्या बशीवर) टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसायला दोन-तीन दिवस जातात. नमुन्यासोबत आलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असेल तर तंत्रज्ञाला संशय येणार कसा? तो उघड्या टेबलावरच काम करतो, आणि जुन्या सवयीने (ही सवय काही केल्या जात नाही!) प्लेट नाकाशी नेऊन वासही घेतो. संसर्गाला १० ते १०० जिवाणू पुरे होतात. ताप कधी कधी काही महिन्यांनी येतो. तोवर ती प्लेट कुणाच्या लक्षातही नसते.

ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टात मरण पावलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून हा जिवाणू वेगळा केला. गायींमधला जिवाणू त्याचा सख्खा भाऊबंद आहे, असं अमेरिकी जिवाणूशास्त्रज्ञ ॲलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये मांडलं, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. १९२२ मध्ये त्यांना स्वतःलाच प्रयोगशाळेत संसर्ग झाला आणि ते दुखणं वीसेक वर्षं पुन्हा पुन्हा उलटत राहिलं.

डॉक्टरांना विनंती इतकीच, की शंका असेल तर चिठ्ठीवर ‘ब्रुसेला?’ असं ठळक लिहावं. मग नमुना थेट सेफ्टी कॅबिनेटमध्येच (जंतू बाहेर पसरू न देणाऱ्या कपाटात) उघडला जाईल.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ