कॅराव्हॅनचा कमोड आणि त्याखालचे नळकाम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या या गाड्यांविषयी जे छापून येते त्यात पलंग, स्वयंपाकघर आणि छतावरची सौर पॅनेल यांचे वर्णन भरपूर असते; शौचालयाचा विषय मात्र ‘बाथरूमची सोय’ एवढ्यावर उरकला जातो. माझी उमेदीची वर्षे इमारतींच्या नळकामाच्या ठेकेदारीत गेली. मिशिगनमध्ये मुलीकडे असताना तिच्या मोटारहोमचा (तिकडच्या अशाच गाडीचा) कमोड जावयाने आणि मी मिळून बदलला, आणि घरच्या कामाचे आडाखे तिथे किती थोडे चालतात हे पाहायला मिळाले, म्हणून हे लिहीत आहे.

घरातील कमोडच्या वाकड्या नळीत साठलेले पाणी दुर्गंधी अडवून धरते. धावत्या गाडीत ते पाणी हिंदकळून निघून जाईल, म्हणून तिथे भांड्याच्या तळाशी पायाने उघडायची झडप असते, तिच्या रबरी कडेवर थोडे पाणी थांबून राहते आणि खाली तीन इंची पाइप थेट मैल्याच्या टाकीत उतरतो. अमेरिकेतील मध्यम आकाराच्या गाडीत ही टाकी शंभर-दीडशे लिटरची असते. घरचा कमोड एका फ्लशला सहा लिटर पाणी सोडतो, म्हणजे 120 लिटरची टाकी वीस फ्लशमध्ये तुडुंब भरेल. गाडीचा कमोड अर्ध्या-एक लिटरात काम भागवतो. त्यामुळे दुकानात आवडलेला कोणताही कमोड आणून गाडीत बसवता येत नाही.

आमच्या गाडीत हिवाळ्यात पाणी गोठून कमोडमागची प्लॅस्टिकची पाण्याची झडप तडकली होती. ती एकटीही बदलता येते, पण तळाच्या झडपेचे रबरही झिजले होते, म्हणून सगळाच कमोड काढायचे ठरले. टाकी रिकामी करून धुतली, पंप बंद केला, पेडल दाबून पाइपातला दाब सोडला, तळाचे दोन नट काढून भांडे उचलले आणि भोकात लगेच चिंधी कोंबली. टाकीतला वायू वर येऊ नये हे एक कारण, आणि हातातला पाना खाली पडला तर तो परत मिळायचा नाही, हे दुसरे. खरा पेच यापुढे होता. आधीच्या मालकाने जुन्या जमिनीवर नवे व्हिनाइल चढवले होते, त्यामुळे पाइपाच्या तोंडावरची फ्लँज, म्हणजे कमोड ज्यावर बसतो ती चपटी कडी, जमिनीच्या पातळीखाली गेली होती. अशा वेळी नवे रबरी पॅकिंग पुरेसे दाबले जात नाही आणि आज कोरडा दिसणारा जोड गाडी खड्ड्यांतून चार गावे फिरली की पाझरू लागतो. फ्लँजवर जाडीची कडी बसवूनच पुढचे काम केले. इमारतीत काही ठिकाणी वापरतात ती मेणाची कडी गाडीत नको, कारण हादऱ्यांनी आणि उन्हाने ती जागा सोडते.

नव्या कमोडचे पाण्याचे तोंड जुन्यापेक्षा वर आणि दुसऱ्या बाजूला होते. गाडीत पाण्यासाठी असलेला पेक्सचा, म्हणजे एका चिवट प्लॅस्टिकचा, पाइप ताठ असतो. ओढूनताणून तो तोंडापर्यंत पोचवला तर सगळा ताण प्लॅस्टिकच्या आट्यांवर येतो. म्हणून पाइप कापून, एल्बो (काटकोनी जोड) घालून, थोडी सैल लांबी ठेवून तो फिरवला. शेवटच्या नटात रबरी वायसर असतो, तो हातानेच आवळायचा. तिथे पान्याचा जोर लावणे किंवा टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे म्हणजे गळती ओढवून घेणे होय.

आपल्याकडे यात जेट स्प्रेची भर पडते, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. गाडीत स्वयंपाकाचे आणि शौचालयाचे पाणी बहुधा एकाच टाकीतून येते. कमोडच्या पाइपावर साधी टी (तीन तोंडांचा जोड) घालून स्प्रे जोडला आणि व्हॅक्यूम ब्रेकर (हवा आत घेऊन उलटी ओढ तोडणारी झडप) किंवा किमान नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवला नाही, तर दाब उतरताच भांड्यात लोंबणाऱ्या स्प्रेतून घाण पाणी उलटे ओढले जाऊ शकते. शिवाय स्प्रेचे पाणी धरूनच मैल्याच्या टाकीचे माप ठरवायला हवे. युरोपात प्रचलित असलेली, बाहेरच्या दारातून ओढून काढायची 17 ते 20 लिटरची कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, आपल्या चौघांच्या कुटुंबाला दिवसभर तरी पुरेल का, याची मला शंका आहे.

आणि ही टाकी रिकामी कुठे करायची? शिकागोत 2004 मध्ये एका संगीतवृंदाच्या बसच्या चालकाने पुलाच्या जाळीवरून टाकी मोकळी केली आणि तो मैला खालून जाणाऱ्या बोटीतील पर्यटकांवर पडला. त्याला शिक्षा झाली. आपल्या घाटातील ओढ्यावर असे घडले तर पाहणारा कुणी नसेल. मानवी मैला हाताने साफ करून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा हे काम कॅराव्हॅन पार्कवरच्या, म्हणजे या गाड्या मुक्कामाला थांबतात त्या तळावरच्या, एखाद्या कामगाराच्या गळ्यात घालून सुटणारे नाही. प्रत्येक कॅराव्हॅन पार्कमध्ये तीन इंची जोडणीचे, सेप्टिक टाकीला किंवा मैलाशुद्धीकरणाला जोडलेले आणि धुण्यासाठी वेगळा नळ असलेले ठिकाण बांधले जावे. सेप्टिक टाकी असेल तिथे फॉर्मल्डिहाइडयुक्त औषधे वापरू देऊ नयेत, कारण ती टाकीतले उपयुक्त जिवाणूच मारतात.

पर्यटन विभागाने गाड्या बांधणाऱ्यांकडून आणखी एक गोष्ट मागावी: फ्लँजचे माप, भिंतीपासूनचे अंतर आणि पाइपांचा मार्ग दाखवणारा आराखडा प्रत्येक गाडीसोबत देणे सक्तीचे असावे. रत्नागिरीत किंवा चिखलदऱ्यात कमोड गळू लागला तर तो पाहायला गावातलाच प्लंबर येणार आहे, आणि जमीन उकरण्याआधी त्याच्या हातात तो कागद असला पाहिजे.

आपला,
एक निवृत्त नळकाम ठेकेदार, पुणे