उड्डाण रखडले नाही, थांबवले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माणसाला अंतराळात नेणाऱ्या आपल्या गगनयानाच्या वेळापत्रकाची बातमी आपल्या दैनिकात आतल्या पानावर वाचली. मथळ्यात ‘रखडले’ हा शब्द होता. त्याच पानावर खाली एका पुलाचे काम रखडल्याची बातमी होती. पूल का रखडतो हे मुंबईकराला सांगायला नको. पण माणूस बसणार असलेले यान जमिनीवर थांबवून ठेवतात, त्यालाही आपण तोच शब्द लावतो, हे खटकले म्हणून लिहितो आहे.

मी रेल्वेच्या सिग्नल विभागात 35 वर्षे काढली. रूळ मोकळा आणि शाबूत आहे का हे पाहणाऱ्या आमच्या ट्रॅक सर्किटची रचना साधी असते. रुळांतून हलका वीजप्रवाह सोडलेला असतो आणि तो दुसऱ्या टोकाच्या रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, उचलून धरतो. रूळ तुटला, तार निसटली, वीज गेली, पावसात रुळांवर पाणी चढले, काहीही झाले तरी रिले पडतो आणि सिग्नल आपोआप लाल होतो. कोणी माणूस येऊन बटण दाबत नाही. मग फलाटावर घोषणा होते, गर्दी वाढते, आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू होतो. ‘सिग्नल फेल’ असे लोक म्हणतात, पण फेल झालेला असतो रूळ किंवा तार. सिग्नलने आपले काम केलेले असते. बिघाड असूनही तो हिरवा राहिला असता, तर त्याला फेल म्हणावे लागले असते, आणि ते म्हणायला काही प्रवासी उरले नसते.

अवकाशाचे वेड मला 3 एप्रिल 1984 पासूनचे. राकेश शर्मा सोयुझ टी-11 मधून गेले तेव्हा आमच्या चाळीत एकाच खोलीत टीव्ही होता आणि दारातून आत पाय ठेवायला जागा नव्हती. शर्मांचे ‘सारे जहाँ से अच्छा’ हे उत्तर आजही सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते 7 दिवस 21 तास 40 मिनिटे वर होते आणि तितकेच कसून प्रशिक्षण घेतलेले रवीश मल्होत्रा राखीव म्हणून खालीच राहिले, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. आपल्याकडे उड्डाण लक्षात राहते, थांबणारा राहत नाही.

21 ऑक्टोबर 2023 ची सकाळ आठवते. गगनयानाच्या चाचणी-यानाचे पहिले उड्डाण, टीव्ही-डी1. उड्डाणात मध्येच बिघाड झाला तर अंतराळवीरांची कुपी अग्निबाणापासून ओढून बाजूला नेणाऱ्या यंत्रणेची ती परीक्षा होती. आधी हवामानामुळे वेळ पुढे गेली. मग उलटी मोजणी सुरू झाली आणि पाच सेकंद उरले असताना संगणकाने स्वतःच सगळे थांबवले. शेजारच्या मुलाने ‘गेलं बोंबलत’ असा शेरा मारला. मी मात्र खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. माझा रिले पडला होता हो! कारण शोधून दहा वाजता तेच यान उडाले, कुपी सुटली, पॅराशूट उघडले आणि बंगालच्या उपसागरातून नौदलाने ती बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी उड्डाणाचा फोटो सगळीकडे मोठा होता. त्या पाच सेकंदांना एखाद-दुसरी ओळ मिळाली. माझ्या मते त्या दिवशीची खरी बातमी तीच होती.

2025 मध्ये शुभांशु शुक्ला यांना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेणाऱ्या अ‍ॅक्सियम-4 मोहिमेच्या वेळी तर तारखा मोजण्याचा खेळच झाला. 29 मेचे उड्डाण 8 जूनवर, मग 10, मग 11. ‘पुन्हा लांबणीवर’, ‘विघ्नांची मालिका’ असे मथळे मी कात्रणवहीत चिकटवून ठेवले आहेत. फाल्कन-9 या अग्निबाणात द्रव ऑक्सिजनची गळती सापडली होती. ती पूर्ण दुरुस्त झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह इस्रोच्या चमूने धरला, हे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. त्यानंतर स्थानकाच्या रशियन भागातल्या हवेच्या गळतीचा प्रश्न आला, म्हणून आणखी थांबले. शेवटी 25 जूनला यान गेले आणि 15 जुलैला चौघेही सुखरूप समुद्रात उतरले. शुक्लांनी वर आमरस नेला होता, हे मला आपल्याच दैनिकातून कळले. आमरसाबद्दल तक्रार नाही. त्या गळतीलाही तेवढीच जागा मिळायला हवी होती, एवढेच म्हणणे आहे.

या घाईचे टोक कुठे असते ते 28 जानेवारी 1986 ला दिसले. चॅलेंजर यानाचे उड्डाण अनेकदा पुढे गेले होते आणि आदल्या संध्याकाळीच अमेरिकेतल्या एका मोठ्या वाहिनीच्या बातम्यांत त्या लांबणीवरून टोमणा मारला गेला होता. त्याच रात्री बूस्टर, म्हणजे उड्डाणाला जोर देणारे बाजूचे अग्निबाण, बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते दूरध्वनीवरून सांगत होते की थंडी फार आहे, सांध्यांतली रबरी कडी घट्ट बसणार नाहीत, उद्या उडवू नका. वरिष्ठांनी ऐकले नाही. 73 सेकंदांत यान फुटले आणि सात माणसे गेली. बातमीदारामुळे ती गेली असे मी मुळीच म्हणत नाही. पण ‘किती वेळा लांबवता?’ हा सूर हवेत असला की कोणाच्या तरी टेबलावर त्याचे वजन पडते.

सुनीता विल्यम्स यांच्या वेळी नऊ महिने आपण ‘स्थानकात अडकल्या’ असेच लिहीत राहिलो. त्यांना वर नेणाऱ्या स्टारलायनर यानाचे पाच थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिने, बंद पडले होते, हेलियम गळत होता, म्हणून ते रिकामे परत आणायचे ठरले. 7 सप्टेंबर 2024 ला ते रिकामे यान अलगद उतरले. तेव्हा एका मित्राने विचारले, ‘मग बसवायला काय हरकत होती?’ लाल सिग्नल ओलांडूनही एखादी गाडी धडपणे पुढच्या स्थानकात पोचते. म्हणून तो लाल चुकीचा ठरतो का?

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मी इस्रोचा भाट ठरेन. प्रत्येक विलंब पवित्र नसतो. 15 ऑगस्ट 2018 ला लाल किल्ल्यावरून 2022 पर्यंत माणूस अंतराळात पाठवण्याचा वायदा झाला. ती तारीख स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीकडे बघून आली होती, चाचण्यांकडे बघून नव्हे. मध्ये करोना आला हे खरे, पण तो नसता तरी मला ती तारीख पटली नसती. 9,023 कोटींपासून सुरू झालेला कार्यक्रम आता भारताच्या नियोजित अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह 20,193 कोटींवर गेला आहे. पैसा आपला आहे, प्रश्न विचारायलाच हवेत. पण ‘कधी उडणार?’ एवढ्यावर थांबू नये. मागच्या चाचणीत काय दिसले, कोणती बाकी आहे, हे विचारावे. 24 ऑगस्ट 2025 ला हेलिकॉप्टरमधून नकली कुपी सोडून पॅराशूटची चाचणी झाली. तीन मुख्य पॅराशूटांपैकी दोनच उघडली तरी कुपी सावरली पाहिजे, अशी योजना आहे. असे काही कळले की वाचक तारखेच्या पलीकडे बघू लागतो. इस्रोने आणखी मोकळेपणाने बोलायला हवे, हेही खरे.

आणि हे सगळे फार दूरचे नाही. गगनयानाच्या अग्निबाणाला दोन्ही बाजूंना घन इंधनाचे एस-200 बूस्टर असतात. एकदा पेटले की ते बंद करता येत नाहीत, म्हणून तर ती सुटकेची यंत्रणा हवी. त्या बूस्टरच्या कवचाचा एक भाग 2020 मध्ये एल अँड टीच्या पवईतल्या कारखान्यातून रवाना झाला. मुलुंडहून पवई किती लांब? गगनयानाच्या पानावर एकदा तिथला फोटोही येऊ द्या.

एक छोटी विनंती. आपण रोज भरती-ओहोटीच्या वेळा छापता. त्यांच्याशेजारी, जेव्हा योग असेल तेव्हा, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक मुंबईवरून जाण्याची वेळ आणि दिशा छापता येईल का? संध्याकाळी किंवा पहाटे पाच-सहा मिनिटे ते नुसत्या डोळ्यांनी दिसते, दुर्बीण लागत नाही. शुक्ला वर होते ते सगळे दिवस आमच्याकडे पावसाळी ढगांचे झाकण होते, एकदाही दिसले नाही. दिवाळीनंतर मी सोसायटीच्या गच्चीवर दहाबारा जणांना दाखवले. निम्म्यांना ते सांताक्रूझला उतरणारे विमान वाटले. लुकलुकत नाही आणि आवाजही नाही, हे लक्षात आल्यावर ते गप्प झाले.

आपला,
एक निवृत्त सिग्नल कर्मचारी, मुलुंड (पूर्व), मुंबई