शाळेचा खर्च : एका कटिंग मास्तरच्या घरातली वही

प्रति,
संपादक,

सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू व्हायच्या आधी महिनाभर तुमच्या अंकात इंग्रजी शाळांच्या पानपानभर जाहिराती येतात. मूल कुठे घालायचं या काळजीत आज सोलापुरातली कितीतरी घरं असतील. मी त्यातून गेलोय, म्हणून लिहितोय.

मी अशोक चौकाजवळच्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात एकवीस वर्षं कटिंग मास्तर आहे. आजोबा तेलंगणातून इथे मागावर बसायला आले, आई विड्या वळायची. माझं शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत. मुलगी पहिली ते पाचवी खाजगी इंग्रजी शाळेत होती, धाकटा पहिल्यापासून सरकारी शाळेत आहे. दोघांचा खर्च बायको एकाच वहीत लिहिते, डावीकडे मुलीचा, उजवीकडे मुलाचा.

मुलीच्या पाचवीच्या वर्षाचं पान असं आहे : फी २८,०००. गणवेशाचे दोन जोड आणि खेळाचा एक मिळून ४,०५०. पुस्तकं-वह्या ४,२००. रिक्षा महिना ९०० प्रमाणे दहा महिन्यांचे ९,०००. शिकवणी ६,०००. गॅदरिंग आणि सहल १,५००. बेरीज ५२,७५०. माझा पगार महिना १७,०००. म्हणजे वर्षातले तीन महिने मी फक्त या एका पानासाठी उभा होतो. ॲडमिशनच्या दिवशी आम्हाला २८,००० एवढाच आकडा सांगितला होता. बाकीचे पावणेपंचवीस हजार एकेक चिठ्ठी होऊन घरी आले.

त्यातल्या गणवेशाबद्दल मला बोललंच पाहिजे, कारण तो माझा धंदा आहे. शाळेने दुकान ठरवून दिलं होतं. एका जोडाचे १,४५०. घरी आणल्यावर बायको मुलीच्या शर्टाची बाही खाली सोडत होती. कफच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटून राहिली होती. कापडाच्या थरांची थप्पी कापून झाली की प्रत्येक तुकड्यावर आम्ही नंबराची चिठ्ठी लावतो, म्हणजे एका शर्टाची बाही दुसऱ्याला लागत नाही. त्या चिठ्ठीवरचा आकडा आमच्या टेबलावरच्या पोऱ्याच्या हातचा होता, त्याचा सात मी कुठेही ओळखेन. राखाडी चौकडा, कॉलरला पिवळी पट्टी. मार्चमध्ये ती थप्पी मीच कापली होती. शर्ट आणि पँट मिळून तो जोड आमच्या कारखान्यातून साडेपाचशेला बाहेर पडला. अशोक चौकातून निघून दोन किलोमीटर फिरून तोच माझ्या घरी १,४५० ला आला. वरच्या ९०० रुपयांत मुलीला एक अक्षरही जास्त आलं नाही. ठराविक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, असे शासनाचे आदेश आहेत. पण वर्गात वेगळ्या छटेचा शर्ट घातलेलं एकटं मूल उभं करायची हिंमत कोणत्या आईबापाला होते?

फीचंही तसंच. राज्यात २०११ चा फी नियंत्रण कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फी ठेवावी लागते, आणि फीविरुद्ध दाद मागायची तर किमान पंचवीस टक्के पालकांनी एकत्र यावं लागतं. आमच्या शाळेचे पालक एकमेकांना गेटवर दोन मिनिटं भेटायचे, तेही रिक्षाचा हॉर्न वाजेपर्यंत. पंचवीस टक्के जमवायचे कधी?

तरीही मी पैशासाठी मुलीला काढलं नाही. शिक्षण मिळत असतं तर ओव्हरटाइम करून भरले असते. काढलं ते एका संध्याकाळमुळे. ती गणित सोडवत बसली होती. दुकानदाराकडे ८४ पेन्सिली, ३७ विकल्या, हाऊ मेनी रिमेन. तिने बेरीज केली, १२१. मी टेबलावरचे दोऱ्याचे रीळ पुढे ओढले आणि घरच्या तेलुगूत विचारलं, एवढे होते, एवढे दिले, उरले किती? तिने बोट न मोजता उत्तर दिलं. मग मराठीत विचारलं, तेही बरोबर. पोरीला वजाबाकी येत होती, ‘रिमेन’ कळत नव्हतं. पाच वर्षं ती फळ्यावरचं वहीत उतरवत होती आणि आम्ही तिच्या सुंदर अक्षरावर खूश होतो. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या आळीत कन्नड आणि उर्दू, अशी ही आमची वस्ती आहे. इथल्या मुलाला तीन भाषा खेळता खेळता येतात. इंग्रजीही येईल, पण समजलेल्या भाषेच्या खांद्यावर बसून येईल. सहावीला तिला सेमी-इंग्रजी वर्गात घातलं. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. आता ती बाईंना प्रश्न विचारते. आधी विचारत नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलंच नव्हतं.

उजव्या पानावर मुलाचा वर्षाचा खर्च २,३०० आहे. वह्या, दप्तर, चप्पल. बालभारतीची पुस्तकं आठवीपर्यंत फुकट, दुपारचं जेवण शाळेत. आणखी एक गोष्ट पालकांना फार कमी माहीत असते. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना देता येते. विनाअनुदानित खाजगी शाळेत पोटाला चिमटा घेऊन मूल शिकवणाऱ्या कामगाराचं मूल कितीही हुशार असलं तरी त्या परीक्षेला बसू शकत नाही. ॲडमिशन घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पण सरकारी शाळेचं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या शैक्षणिक वर्षात राज्यभर एकाच पद्धतीने कापड पुरवून गणवेश शिवायची योजना आली. मुलाला गणवेश उशिरा मिळाला आणि शर्टाचा खांदा दोन इंच खाली उतरलेला. मी तो रात्री उसवला आणि पुन्हा बसवला. वर्गातल्या आणखी सहा जणांचे दुसऱ्या रविवारी केले. त्या डिसेंबरात शासनाने तो निर्णय बदलून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले, ते चांगलं झालं. ज्या गावात अर्ध्या राज्याच्या शाळांचे कपडे शिवले जातात तिथल्या मुलाने तरी मापाचा शर्ट घालावा.

शर्ट मी दुरुस्त करू शकतो, रिकामी खुर्ची नाही. मुलाच्या दुसरीच्या वर्षी बाई निवडणुकीच्या यादीच्या कामाला गेल्या की दोन वर्ग एका खोलीत बसायचे. एका भिंतीकडे तोंड करून दुसरी, दुसऱ्या भिंतीकडे तिसरी. बाई असत्या तेव्हा तो रोज काहीतरी नवीन सांगत घरी यायचा. नसत्या तेव्हा दप्तर तसंच बंद. मी फीचे पैसे भरत होतो ते खरं तर एवढ्यासाठीच, की वर्गात रोज माणूस असेल.

धाकट्याच्या वेळी आम्ही आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, अर्जही भरला होता. २००९ च्या कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा आमच्यासारख्यांसाठी आहेत. सोडतीत नंबर लागला नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या जागांतून सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. योग्यच केलं. पण एक किलोमीटरच्या आतल्या त्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक असते तर आम्ही सोडतीच्या रांगेत उभे राहिलोच नसतो.

आणि हे होऊ शकतं. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे त्यांचं काम आहे. पण प्रत्येक वस्तीला डिसले गुरुजी मिळावेत अशी माझी मागणी नाही. मला रोज वर्गात येणाऱ्या साध्या बाई हव्या आहेत, आणि त्यांच्या हातात खडूऐवजी मतदार यादी नको आहे.

संपादकसाहेब, तुमच्याकडे एक विनंती आहे. शाळांच्या जाहिराती छापता ते पान तसंच राहू द्या. त्याच्या समोरच्या पानावर वॉर्डनिहाय यादी द्या : महापालिकेची शाळा कुठे आहे, माध्यम कोणतं, सेमी-इंग्रजी आहे का, वर्ग किती आणि प्रत्यक्ष हजर असणारे शिक्षक किती. दरवर्षी मे महिन्यात द्या. माहिती गोळा करायला माणसं कमी पडली तर आमच्या वस्तीच्या आठ शाळांत मी रविवार सोडून सुट्टी काढून जाईन आणि मुख्याध्यापकांना विचारून आकडे तुमच्या कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक पालक आणि कटिंग मास्तर
अशोक चौक परिसर, सोलापूर